‘आई, तू मिस गेट्स आहेस’

ताई, नमस्कार.

मी मूळची नाशिकची, गेली सोळा वर्षं अटलांटाजवळ राहते. मुलगी चौदाची, नववीत आहे. शाळेत तिला ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ ही कादंबरी लावली आहे. गेल्या महिन्यात तिच्या वर्गातला एक मुलगा विज्ञानाच्या प्रोजेक्टसाठी आमच्याकडे आला. मुलगा कृष्णवर्णीय, वागायला अगदी गुणी. मी दोघांना पोहे करून दिले. तो गेल्यावर नाशिकला आईशी फोनवर बोलताना माझ्या तोंडून गेलं, ‘काळा होता गं. मी आपली ओट्यावरची पर्स आधीच आत नेऊन ठेवली.’ मुलगी जिन्यात उभी होती. तिला मराठी चांगलं कळतं.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, ‘आई, तू मिस गेट्स आहेस.’ ही कोण ते मला माहीत नव्हतं. तिचं पुस्तक घेतलं आणि तीन रात्रींत वाचून काढलं. तेव्हापासून नीट झोप नाही. ताई, ही लहान असताना मी तिला बोट धरून मार्टिन ल्यूथर किंग यांचं जन्मघर दाखवायला नेलं होतं. मलाही इथे दुकानात ‘आपल्या देशात परत जा’ असं ऐकावं लागलं आहे. मग मी वंशद्वेषी कशी? आणि चौदाव्या वर्षी बलात्काराच्या खटल्याचं पुस्तक वाचायला देणं जरा लवकर नाही का? आमच्या ग्रुपमधले काही पालक ते अभ्यासक्रमातून काढावं म्हणून शाळेला पत्र देणार आहेत. मी सही करू का? पुढच्या महिन्यात माझी आई सहा महिन्यांसाठी येते आहे. तिचं बोलणं कसं असतं ते तुम्ही ओळखालच. मुलगी सध्या माझ्याशी कामापुरतंच बोलते. काय करू?

— एक आई, अटलांटा

*

नमस्कार.

सहीचं आधी सांगते, कारण त्या पत्राला काहीतरी तारीख असणार. करू नका. का ते पुढे येईल.

आता मिस गेट्स. ज्या वाचकांनी ही कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. हार्पर ली यांची ही कादंबरी १९६० साली आली आणि पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळालं. गोष्ट आहे १९३० नंतरच्या मंदीच्या वर्षांतली, अमेरिकेच्या दक्षिणेत अलाबामा राज्यातल्या मेकोम नावाच्या कल्पित गावातली. ती सांगते स्काउट फिंच. सुरुवातीला ती पुरती सहाचीही नाही. थोरला भाऊ जेम, उन्हाळ्यात येणारा दोस्त डिल आणि वकील असलेले वडील ॲटिकस. आई वारलेली. घर सांभाळते कॅल्पर्निया, कृष्णवर्णीय स्वयंपाकीण. टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय मजुरावर एका गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा खोटा आळ येतो. ॲटिकस त्याचा खटला लढवतो, टॉमनं काही केलेलं नाही हे भरकोर्टात सगळ्यांना दिसतं, आणि तरीही ज्युरीतले बारा गोरे पुरुष त्याला दोषी ठरवतात.

मिस गेट्स या स्काउटच्या तिसरीच्या बाई. खटला होऊन गेल्यानंतर एकदा वर्गात चालू घडामोडींचा तास असतो. एक मुलगा हिटलर ज्यूंना कसा छळतो ते सांगतो. बाई फळ्यावर ‘लोकशाही’ असा शब्द लिहितात आणि आपल्याकडे कुणाचाही छळ होत नाही, आपला त्यावर विश्वासच नाही, असं मुलांना समजावतात. स्काउट ऐकत असते, पण तिला काहीतरी टोचत राहतं. टॉमला दोषी ठरवलं त्या रात्री कोर्टाच्या पायऱ्या उतरताना ह्याच बाई दुसऱ्या एकीला सांगत होत्या की बरं झालं, या लोकांना कुणीतरी धडा शिकवायलाच हवा होता, फार डोक्यावर चढलेत, उद्या आपल्याशी लग्नं करायला निघतील.

तुम्ही हा भाग पुन्हा वाचा, कारण मला वाटतं पहिल्यांदा वाचताना तुम्हाला त्यात फक्त एक ढोंगी बाई दिसली असेल. मिस गेट्स वर्गात खोटं बोलत नाहीत. ज्यूंबद्दल त्यांना खरोखरच वाईट वाटतं, मुलांना काहीतरी चांगलं द्यावं असंही मनापासून वाटतं. जर्मनी दूर आहे, तिथल्या माणसांसाठी हळहळताना स्वतःचं काही हलवावं लागत नाही, एवढंच. तुम्ही मुलीला किंग यांच्या घरी नेलंत तेही खरंच होतं. मला त्यात दिखावा दिसत नाही. पण किंग जाऊन पन्नासहून अधिक वर्षं झाली. ओट्याशी उभा राहून पोहे खाणारा मुलगा मात्र तुमच्या पर्सपासून चार हातांवर होता.

आणि आणखी एक. स्काउट हे बाईंना कधीच विचारत नाही. ती जेमला विचारते, आणि खटल्यानं आतून मोडलेला जेम तिची गचांडी धरून ओरडतो की त्या कोर्टाचं नाव पुन्हा माझ्यासमोर काढू नकोस. मग ती वडिलांच्या मांडीवर जाऊन बसते. मिस गेट्सना शेवटपर्यंत पत्ता लागत नाही की आपल्या वर्गातल्या एका मुलीनं आपल्याला ओळखलंय. तुमच्या मुलीनं हे तुमच्या तोंडावर सांगितलं. चौदा वर्षांच्या मुली आईबद्दलच्या किती गोष्टी मैत्रिणींना सांगतात आणि आईला सांगत नाहीत, हे मी तीस वर्षं शाळेत शिकवताना जवळून पाहिलंय. ज्या आईकडून काही आशा उरलेली नसते तिला मुली काही सांगायला जात नाहीत. सध्याचा अबोला मला म्हणून फार भयंकर वाटत नाही. ती उत्तराची वाट पाहते आहे. त्या क्षणी तुम्ही तिला काय म्हणालात ते पत्रात नाही. ‘आईशी असं बोलतात का’ असं काही गेलं असेल, तर तेही आता दुरुस्त करायला हवं.

‘मी वंशद्वेषी कशी?’ यावर निकाल द्यायला मी बसलेली नाही, आणि निकाल दिला तरी तुमच्या हाती काही लागणार नाही. पर्स का हलली एवढंच पाहू.

खटल्याचा भाग आठवा. मुलीच्या चेहऱ्यावर मार आहे तो उजव्या बाजूला, म्हणजे मारणारा बहुधा डावखुरा. टॉमचा डावा हात तो लहान असताना कापसाच्या जिनमध्ये अडकून कायमचा निकामी झालेला. मुलीचा बाप बॉब यूएल डावखुरा आहे, हे ॲटिकस त्याला सगळ्यांसमोर सही करायला लावून दाखवतो. याहून स्वच्छ पुरावा काय असतो? ॲटिकस शेवटी ज्युरीला सांगतो की सरकार पक्षाचा सगळा खटला एका गृहीतावर उभा आहे: हे लोक खोटंच बोलतात, यांना नीतीच नसते, यांच्यावर आपल्या बायकांच्या बाबतीत विश्वास टाकायचा नसतो. पुरावा बघायची त्या बाराजणांना गरजच नव्हती. त्यांनी आपापली पर्स खटला सुरू होण्याआधीच आत नेऊन ठेवली होती.

हे कठोर वाटेल, पण तुम्ही झोप जाण्याइतक्या अस्वस्थ झालात म्हणून सांगायचा धीर करते आहे.

माझ्यावरून सांगते. एकदा सहलीसाठी जमवलेले पैसे माझ्या टेबलावरून नाहीसे झाले. मी वर्गाचं दार लावलं आणि सगळ्यात आधी ज्याचं दप्तर उघडलं तो मुलगा नाल्याकाठच्या वस्तीतला होता. का त्याचंच, असं मला तेव्हा कुणी विचारलं नाही, मीही स्वतःला विचारलं नाही, हात आपोआप तिकडे गेला. पैसे संध्याकाळी हजेरीपटाच्या पुठ्ठ्यात सापडले, मीच ठेवले होते. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याला बाजूला घेऊन मी ‘चुकलं रे’ म्हटलं. तो म्हणाला, ‘असू दे बाई.’ झडती घेतली होती चाळीस मुलांसमोर आणि माफी मागितली एकटीनं, कोपऱ्यात. हे मला फार उशिरा उमगलं, तोवर तो शाळा सोडून गेला होता. त्या वर्षीही मी वर्गात समतेवर सुंदर बोलत असणार.

तुमचा हात असाच गेला. सवयीनं. नव्या माणसाला विमानतळावरून आणतानाच ‘अमुक भागात घर बघू नका’ म्हणून जे सांगतात तिथून ती सवय लागत असेल, बातम्यांतून लागत असेल. आपल्या घरांतून तर ती निघतानाच बरोबर येते, जिथे मुलगी झाल्यावर पहिला प्रश्न रंगाचा असतो आणि ‘काळा’ हा शब्द नुसता रंग सांगायला क्वचितच वापरतात.

तुम्हालाही अपमान सोसावा लागला, हे खरं आहे आणि ते वाईटच आहे. पण त्यानं माणसाला दुसऱ्याचं दुःख आपोआप कळू लागतं, असं होत नाही. कादंबरीतले यूएल बघा. गावाच्या उकिरड्यापाशी राहणारं, सगळ्या गोऱ्यांनी ओवाळून टाकलेलं घर. टॉमवर आळ घेणारी एकोणीस वर्षांची मुलगी मेयेला फुटक्या, टवके उडालेल्या भांड्यांत लाल जिरेनियम जपते, धाकट्या भावंडांना आइस्क्रीमला पाठवता यावं म्हणून वर्षभर नाणी साठवते. तिच्याइतकी एकटी मुलगी त्या पुस्तकात दुसरी नाही, आणि तिला हाताला हात देणारा माणूस एकटा टॉम. सरकारी वकील त्याला खोदून विचारतो, का करायचास रे तिची कामं? तो सांगतो की मला तिची कीव यायची. कोर्ट गप्प होतं. काळ्यानं गोरीची कीव करावी, हा त्या कोर्टात खऱ्या आरोपाहून मोठा गुन्हा. यूएल घराकडे जगात एकच चीज आहे, गोरी कातडी, आणि तेवढ्यासाठी ते त्याचा जीव घेतात.

आपल्याकडचंही एक उदाहरण अमेरिकेच्या इतिहासात नोंदलेलं आहे. भगतसिंग थिंद नावाच्या पंजाबी गृहस्थांचा नागरिकत्वाचा खटला तिथल्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. त्यांचा मुद्दा असा होता की आपण उच्चवर्णीय, आर्यवंशीय, म्हणजे गोऱ्यांतच मोडतो. १९२३ मध्ये कोर्टानं तो फेटाळला. नागरिकत्व सगळ्यांना द्या असं त्यांनी म्हटलं नाही. रेघ असू द्या, मला पलीकडे घ्या, असं म्हटलं. नागरिकत्वाची ती रेघ १९४६ मध्ये पुसट झाली, पण तिथे जाण्याची वाट मोकळी झाली १९६५ च्या स्थलांतर कायद्यानं, आणि तो कायदा आला कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीनं देश हलवला त्याच वर्षांत. तुमच्या-आमच्या मुलांचे व्हिसा त्या वाटेनं आलेले आहेत. मुलीला हे शाळेत शिकवतील की नाही कोण जाणे, तुम्ही सांगा.

तुमच्या मुलीच्या वयाकडे येते. तुम्हाला भीती वाटते की या पुस्तकानं तिचं बालपण संपेल. मला या कादंबरीत सगळ्यात जवळचं वाटतं ते डिलचं रडणं. खटला चालू असताना सरकारी वकील टॉमशी ज्या सुरात बोलतो, तो सूर या पोराला सहन होत नाही. कायदा त्याला कळत नाही, आरोपाचा अर्थही पुरता कळत नसावा. त्याला उमासे येतात, हुंदका आवरत नाही, स्काउट त्याला बाहेर घेऊन जाते. तिथे डॉल्फस रेमंड नावाचा गृहस्थ सांगतो की अजून थोडा मोठा झाला की हा रडणार नाही. मोठ्या माणसांना जे सवयीनं पचतं ते त्या मुलाला पचत नाही, आणि हार्पर ली यांच्या लेखी निरागसपण ते हेच.

ही मुलं देवदूत नाहीत, हेही तुमच्या ध्यानात आलं असेल. डिलला समजावताना स्काउट काय म्हणते? अरे, शेवटी तो नीग्रोच ना! आठेक वर्षांची पोर, ॲटिकसची मुलगी. तिच्याही अंगात गाव मुरलेलं आहे. वॉल्टर कनिंगहॅम हा गरीब शेतकऱ्याचा मुलगा जेवायला येतो, भाजी-मटणावर भसाभस काकवी ओततो, ती तोंड वेंगाडते, आणि कॅल्पर्निया तिला स्वयंपाकघरात ओढून नेऊन खडसावते की या घराच्या उंबऱ्यात जो पाय ठेवील तो आपला पाहुणा. चांगुलपण त्या मुलांना असं शिकावं लागतं, चुकत, कान धरून घेत. खटल्यानंतर एका रात्री स्काउट अंगाची गोळी करून घेणारा एक किडा चिरडायला जाते. जेम म्हणतो, नको, बाहेर नेऊन सोड. का? तर त्यानं तुला काही केलेलं नाही. एवढंच. त्याच प्रकरणात टॉमच्या मृत्यूची बातमी त्याच्या बायकोला, हेलनला, कळते आणि ती जमिनीवर कोसळते; डिल म्हणतो, पायाखाली मुंगी चिरडावी तशी. हार्पर ली यांनी या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या आहेत आणि त्यावर एक अक्षरही लिहिलेलं नाही. खटला संपला तेव्हा जेम तेराच्या आसपास आहे. ॲटिकस त्याला सांगतो की तू आणि तुझ्यासारखी आणखी अकरा मुलं ज्युरीत असती तर टॉम आज सुटला असता.

तेव्हा चौदा हे वय लवकर नाही. आणि दुसरा विचार करा. प्रोजेक्टला आलेला तो मुलगाही चौदाचाच ना? त्याच्या आईला ‘हे याला इतक्यात सांगू नये’ अशी सोय नाही. दुकानात खिशात हात घालू नकोस, पोलिसांनी थांबवलं तर हात दिसतील असे ठेव, हे तिथल्या कृष्णवर्णीय घरांत मुलांना याहून कोवळ्या वयात सांगावं लागतं. एमेट टिल हा कृष्णवर्णीय मुलगा शिकागोहून मिसिसिपीत नातेवाइकांकडे सुट्टीला गेला होता, १९५५ च्या ऑगस्टमध्ये. एका गोऱ्या दुकानदारणीशी आगाऊपणा केल्याचा ठपका ठेवून त्याला हाल करून मारलं. तो चौदा वर्षांचा होता. आरोपींना गोऱ्या ज्युरीनं तासाभरात सोडून दिलं. ही कादंबरी त्यानंतर पाच वर्षांनी आली.

आता पालकांच्या पत्राविषयी. या पुस्तकावरच्या तक्रारी जुन्या आहेत. १९६६ मध्ये व्हर्जिनियातल्या हॅनोव्हर काउंटीच्या शाळा मंडळानं ते अनैतिक ठरवलं. तेव्हा हार्पर ली यांनी तिथल्या वर्तमानपत्राला पत्र लिहून मंडळाच्या सभासदांना पहिलीत बसवायला दहा डॉलर पाठवले होते. २०१७ मध्ये मिसिसिपीतल्या बिलॉक्सीनं ते आठवीच्या अभ्यासातून काढलं, लोकांना अवघडल्यासारखं होतं म्हणून. पण सगळ्या तक्रारी एका मापानं मोजू नका. पुस्तकात कृष्णवर्णीयांसाठी वापरला जाणारा तो शिवीवजा शब्द वारंवार येतो. वर्गात तो मोठ्यानं वाचला जातो तेव्हा तिथे बसलेल्या दोन-चार कृष्णवर्णीय मुलांवर काय ओढवत असेल, असं त्यांच्या आईवडिलांनी विचारलं तर ते रास्तच आहे. तुमच्या ग्रुपचं म्हणणं काय आहे? मुलांना अवघडल्यासारखं होऊ नये हे, की आपल्याला? तुमच्या घरात तरी कोण अवघडलं ते तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंय. म्हणून सही नको.

मात्र हे पुस्तक म्हणजे शेवटचा शब्द, असंही मुलीला वाटू देऊ नका. मी ते पहिल्यांदा विशीत वाचलं आणि ॲटिकसवर लुब्ध झाले. न्याय असा दिसतो, असं वाटलं. पन्नाशीत परत वाचलं तेव्हा कॅल्पर्निया दिसली, आणि तिच्याबद्दल किती कमी सांगितलंय ते दिसलं. एका रविवारी ती मुलांना आपल्या चर्चमध्ये नेते. तिथे मोजून चारजणांना वाचता येतं, प्रार्थनागीताची ओळ एकानं वाचायची आणि सगळ्यांनी त्याच्यामागून म्हणायची. मुलांना पहिल्यांदाच कळतं की हिला आपलं वेगळं आयुष्य आहे, वेगळी बोली आहे. स्काउट म्हणते, मी तुझ्या घरी येऊ का? ती हो म्हणते. पुढे ते घर आपल्याला कधीच दिसत नाही. टॉम बोलतो तोही बहुतेक साक्षीच्या पिंजऱ्यात, गोऱ्यांनी विचारलं तेवढंच. आणि ॲटिकस! टॉमला ठार मारायला तुरुंगाच्या दारात आलेल्या जमावातल्या मिस्टर कनिंगहॅमला तो मूळचा चांगला माणूस म्हणतो, प्रत्येकाला काही गोष्टी दिसत नाहीत, असं मुलांना समजावतो. मला हे आता पटत नाही. तुमच्या मुलीला पटतं का, विचारा. नववीतल्या मुलीशी भांडायला याहून चांगला विषय नाही.

हार्पर ली यांनी आधी लिहिलेली, पण २०१५ मध्ये छापली गेलेली ‘गो सेट अ वॉचमन’ तुमच्या प्रसंगाला तर फारच जवळची आहे. तिच्यात स्काउट सव्वीस वर्षांची आहे. घरी आल्यावर ती कोर्टाच्या वरच्या सज्जात जाऊन बसते, तोच सज्जा जिथून ती लहानपणी वडिलांना कोर्टात पाहायची, आणि खाली वर्णभेद टिकवू पाहणाऱ्यांच्या सभेत तिला आपले वडील बसलेले दिसतात. अनेक वाचकांना ते सोसलं नाही. मला मात्र वाटतं, आईबापाला असं पकडणं हाही मोठं होण्याचाच भाग आहे. स्काउटच्या वाट्याला तो सव्विसाव्या वर्षी आला, तुमच्या मुलीच्या चौदाव्या.

तिच्या हातात आणखी एक पुस्तक द्या: मिल्ड्रेड टेलर यांचं ‘रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय’, १९७६ चं. काळ तोच, १९३३ चा, जागा मिसिसिपी. सांगणारी नऊ वर्षांची कॅसी लोगन, आणि ती कृष्णवर्णीय आहे. पहिल्याच प्रकरणात शाळेत ‘नवी’ पुस्तकं येतात. तिचा धाकटा भाऊ, नुकता शाळेत जाऊ लागलेला, आतल्या पानावरचा तक्ता वाचतो. ते पुस्तक आजवर कोणकोणत्या वर्षी गोऱ्या मुलांना दिलं गेलं याची नोंद, आणि पार जीर्ण झाल्यावर, शेवटच्या ओळीत, त्याच्यासारख्यांसाठी तो शब्द. पोरगं पुस्तक जमिनीवर फेकून त्याच्यावर पाय आपटतं. स्काउट हा भाग सांगू शकली नसती. तिच्या हातात पुस्तक कोरं येत होतं. दोन्ही पुस्तकं तुम्ही दोघींनी मिळून वाचा, आलटून पालटून.

अटलांटाहून मॉन्टगोमेरी मोटारीनं अडीच तासांवर आहे. तिथे २०१८ मध्ये झुंडबळींचं स्मारक उभं राहिलं, एकेका काउंटीच्या नावाचे आठशेहून अधिक लोखंडी स्तंभ टांगलेले, त्यांवर माणसांची नावं. ते उभारणाऱ्या संस्थेचे वकील ब्रायन स्टीव्हन्सन यांनी वॉल्टर मॅकमिलियन या माणसाला फाशीच्या कोठडीतून सोडवलं. न केलेल्या खुनासाठी त्याला १९८७ मध्ये अटक झाली, सुटका १९९३ मध्ये. गुन्हा घडला त्या वेळी तो घरी होता आणि त्याला पाहणारे कितीतरी साक्षीदार होते, पण ते कृष्णवर्णीय होते. हे घडलं मनरोव्हिलमध्ये. हार्पर ली यांचं गाव. मेकोम ज्याच्यावर बेतलंय ते. किंग यांच्या घरी नेलंत तसं मुलीला या स्मारकाकडेही न्या, आणि या वेळी तिला समजावून सांगत बसू नका, तिच्या शेजारून चाला.

तुमच्या आईंबद्दल. त्यांना तिथे आल्यावर, मुलीसमोर, जेवणाच्या टेबलावर टोकू नका. त्या वयाच्या बाईला नातीसमोर गप्प केलं की ती दुखावते, आणि मग सगळी चर्चा त्यांच्या दुखावण्यावर जाते. विमानात बसायच्या आधी फोनवर सांगा. स्वतःचंच सांगा: ‘आई, त्या दिवशी मी पर्सचं बोलले ते चुकीचं होतं. पोरीनं ऐकलं आणि माझी मान खाली गेली. आपल्याकडे तिचे मित्रमैत्रिणी येतील, त्यांच्या रंगावरून या घरात कुणी काही बोलायचं नाही, मीही नाही.’ ॲटिकसची बहीण अलेक्झांड्रा आठवते ना? घराणं, कुळशील, कोणाशी खेळायचं आणि कोणाशी नाही. आपल्या सगळ्यांच्या घरात अशी एक आत्या असते. ॲटिकस तिला उलट उत्तर देत नाही, तिचा मान राखतो, पण ती कॅल्पर्नियाला कामावरून काढ म्हणते तेव्हा एका वाक्यात नाही म्हणतो आणि तिथून तसूभर हलत नाही. तेवढं एक तुम्हाला जमलं पाहिजे. आणि आईंना वाचायची आवड असेल तर त्यांना हेही सांगा की १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली, तेव्हा ती अमेरिकेतल्या ज्या लोकांनी तिथल्या काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झीज सोसली त्यांना अर्पण केली होती. नाशिकहून अटलांटाला येणाऱ्या आजीला हे ठाऊक असावं.

आता मुलगी. तिच्या खोलीत जा, पुस्तक हातात घेऊन, आणि फोनवर जे बोललात ते वाक्य जसंच्या तसं पुन्हा उच्चारून सांगा की हे मी बोलले, आणि असं मी केलं, आणि ते वाईट होतं. ‘पण’ नको. दुकानातला तुमचा अपमान त्या दिवशी सांगू नका, पुढे कधीतरी सांगा. ती रागानं काही बोलली तर बोलू द्या.

त्या मुलाची माफी मागू का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात आलं असेल. नको. त्यानं पर्स उचलताना पाहिलं असेलही. अशा मुलांच्या नजरेतून या गोष्टी सुटत नाहीत. पण तुम्ही माफी मागितलीत तर ‘असू दे’ म्हणायची वेळ त्याच्यावर येईल, आणि तुमचं ओझं त्या चौदा वर्षांच्या पोरानं उचलायचं, हे बरोबर नाही. मी ते एका मुलाकडून उचलून घेतलेलं आहे.

त्यापेक्षा मुलीला सांगा, प्रोजेक्टचं पुढचं काम आपल्याकडेच करा. तो शनिवारी आला की पर्स ओट्यावर नेहमीच्या जागी असू द्या, आणि तुम्ही स्वयंपाकघरात सारख्या डोकावू नका. खायला काय करायचं ते त्यालाच विचारा. पोहे पुन्हा करणार असाल तर शेंगदाणे चालतात का ते आधी विचारून घ्या. तिथल्या बऱ्याच मुलांना ते चालत नाहीत.